बांधावरचे गिरिपुष्प

कोकणातील भातशेतीचा इतिहास हा निम्म्याहून अधिक पाल्याचा इतिहास आहे, असे कोणी म्हटले तर घाटावरच्या वाचकाला ती अतिशयोक्ती वाटेल. परंतु ज्या प्रदेशात चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, जेथील जांभ्याची माती पाण्याबरोबर आपले सत्त्व समुद्राच्या हवाली करते आणि जेथे एकाच खाचरात पिढ्यान्‌पिढ्या तेच पीक घ्यावे लागते, तेथे दरसाल बाहेरून काहीतरी आणून जमिनीत घातल्यावाचून शेतकऱ्याला गत्यंतर नसते. हे ‘काहीतरी’ म्हणजे प्रामुख्याने झाडांचा पाला. माघ-फाल्गुनात ऐन-किंजळीवर चढून कोयत्याने टहाळ तोडायचे, ते वाळवून डोक्यावरून शेतापर्यंत आणायचे, शेणाच्या थरावर टहाळ, टहाळांवर गवत, गवतावर पातेरा आणि सर्वांवर मातीचा पातळ हात देऊन वैशाखाच्या सुमारास तो सारा ढीग सावकाश जाळायचा, आणि त्या भाजलेल्या भूमीत पहिल्या पावसाबरोबर भाताचे बी टाकायचे, या खटाटोपास ठाण्या-रायगडाकडे राब म्हणतात. कोठे ‘दाढ भाजणे’ हा शब्द रूढ आहे, तर दक्षिणेकडे ‘कवळ तोडणे’ हा. भाजल्यामुळे तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते, राखेतले पालाशादी क्षार रोपाला मिळतात आणि तरवा जोमाने उभा राहतो. या अनुभवसिद्ध ज्ञानावर शतकानुशतके कोकणचा शेतकरी भात पिकवीत आला.

या व्यवहाराची दुसरी बाजू अशी की, भाताच्या प्रत्येक गुंठ्यामागे त्याहून विस्तीर्ण अशी झाडोऱ्याची जमीन हाताशी असावी लागे. महसुली दप्तरात जिला वरकस म्हणतात ती डोंगरउताराची जमीन नागली-वरीसाठी जितकी उपयोगाची, तितकीच गवतासाठी व राबाच्या टहाळांसाठी आवश्यक मानली जाई. जोवर जंगल विपुल आणि वस्ती विरळ होती, तोवर या वहिवाटीला कोणी हरकत घेतली नाही. 1878 साली हिंदुस्थानासाठी नवा जंगल कायदा झाला, राखीव जंगलांच्या सरहद्दी आखल्या जाऊ लागल्या, आणि कालपर्यंत ज्या झाडावर रयतेने कोयता चालविला तेच झाड सरकारची मिळकत ठरले. महात्मा फुले यांनी 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्याच्या जाचाविषयी जी कठोर तक्रार केली आहे, ती याच काळातील. ठाणे व कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला की, मुंबई सरकारला 1885 मध्ये त्याच्या चौकशीसाठी स्वतंत्र कमिशन नेमावे लागले, आणि 1887 मध्ये त्या कमिशनचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध झाला. पुढे हिंदुस्थानातील शेतीची पाहणी करण्यासाठी आलेले रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनीही 1893 च्या आपल्या अहवालात राबाचा प्रश्न विचारात घेतला.

आज तटस्थपणे पाहिले असता त्या वादात दोन्ही पक्षांची बाजू काही अंशी खरी होती, असे म्हणावे लागते. पाल्यावाचून भात नाही, हे रयतेचे म्हणणे खरे होते. आणि दरसाल शेंडाटलेली झाडे खांबांसारखी उभी राहतात, त्यांना फूल-फळ धरत नाही, त्यांच्याखाली नवी रोपे येत नाहीत व उघड्या उतारावरची माती पावसाबरोबर खाली येते, हे जंगलखात्याचे म्हणणेही खोटे नव्हते. उभय पक्षांना सुचले नाही ते इतकेच की, पाला देणारे झाड डोंगरावरून खाली, शेतकऱ्याच्या स्वतःच्या बांधावर आणता येईल. त्या काळी ते सुचणे अवघडही होते, कारण ऐन काय किंवा किंजळ काय, बांधावर लावून दोन वर्षांत तोडीला यावे, अशा जातीचे ते वृक्षच नव्हेत.

या ठिकाणी एका परदेशी झाडाचा प्रवेश होतो. ग्लिरिसिडिया सेपियम हे त्याचे शास्त्रीय नाव. आपल्याकडे त्याला गिरिपुष्प म्हणतात, आणि बी किंवा साल वाटून मक्यात मिसळली असता उंदीर मरतात या मध्य अमेरिकेतील जुन्या उपयोगावरून उंदीरमारी असेही म्हणतात. थंडी सरता सरता याची पाने गळून जातात, आणि पळस, पांगारा व काटेसावर यांच्या भडक तांबड्या रंगांनी रानाचे लक्ष वेधून घेतलेले असते त्याच दिवसांत याच्या निष्पर्ण काटक्या फिकट गुलाबी, किंचित जांभळट झाक असलेल्या फुलांच्या तुऱ्यांनी बुंध्याकडून टोकाकडे भरून येतात. फुलाची घडण वाटाण्याच्या किंवा वालाच्या फुलासारखी, मोठ्या पाकळीच्या तळाशी पिवळसर ठिपका, आणि त्याभोवती काळ्या भुंग्यांची अखंड वर्दळ. या झाडाचे परागीभवन मुख्यतः हे लाकूडपोखरे भुंगे करतात. मागाहून चपट्या शेंगा धरतात. त्या उन्हात वाळल्या की आवाज करीत तडकतात आणि बी दूरवर फेकतात. झाड साधारण दहा-बारा मीटरांपर्यंत वाढते, परंतु शेतकऱ्याच्या बांधावर त्याला ती उंची क्वचितच गाठू दिली जाते.

याची जन्मभूमी मेक्सिको व मध्य अमेरिका. तेथे कोकोच्या मळ्यांत सावलीसाठी हे झाड लावीत, आणि त्याच्या आश्रयाने कोको नीट वाढतो म्हणून स्पॅनिश लोकांनी त्याला कोकोची आई असे नाव दिले. स्पॅनिश गलबतांबरोबर सतराव्या शतकाच्या आरंभी ते फिलिपाइन्समध्ये पोहोचले. पुढे श्रीलंकेत ते चहाच्या मळ्यांत सावलीसाठी, मिरीच्या वेलाला आधारासाठी आणि नारळाच्या बागेत हिरव्या खतासाठी इतके रुजले की, चहा, रबर व नारळ यांच्यामागून चौथे मळ्याचे पीक म्हणून त्या देशाच्या सरकारने 2005 साली त्याला मान्यता दिली. भारतात त्याच्याकडे कृषिशास्त्रज्ञांचे विशेष लक्ष वळले ते 1980 नंतरच्या दशकात. तोवर झटपट वाढणारे, चारा व सरपण देणारे झाड म्हणून सुबाभळीचा मोठा बोलबाला होता. परंतु एका सूक्ष्म रसशोषक किडीने आशियाभर सुबाभळीचे शेंडे सुकवून टाकले, आणि एकाच झाडावर सारी भिस्त ठेवण्याचे परिणाम दिसल्यावर गिरिपुष्पाचे महत्त्व वाढले. ऑक्सफर्डच्या वनसंशोधन संस्थेने त्याच सुमारास मध्य अमेरिकेतून याचे निरनिराळे वाण गोळा करून देशोदेशी चाचण्या घेतल्या. त्यांत ग्वाटेमालातील रेताल्हुलेऊ येथील वाण पाल्याच्या उत्पन्नात पुष्कळ ठिकाणी सरस ठरला.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याची महती कशात आहे, हे समजण्यासाठी मुळाकडे जावे लागते. आपल्या भोवतालच्या हवेत शेकडा 78 भाग नत्र असूनही वनस्पतीला तो परस्पर घेता येत नाही. द्विदल कुळातील वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू मात्र हवेतील नत्र बांधून झाडाला देतात आणि झाडाकडून त्यांना शर्करा मिळते. गिरिपुष्प या कुळातले असल्यामुळे त्याच्या वाळलेल्या पानांत नत्राचे प्रमाण शेकडा तीन ते चारपर्यंत असते. शिवाय पान कोवळे व रसाळ असल्याने ओल्या जमिनीत गाडले असता पंधरा-वीस दिवसांतच त्याचा निम्म्याच्या आसपास भाग कुजून जातो. ऐनाचे चिवट पान जे काम भाजल्यावाचून लवकर करीत नाही, ते हे पान आगीवाचून करते. याचा अर्थ असा की, पाल्यातला जो नत्र राबाच्या धुराबरोबर हवेत उडून जात असे, तो येथे चिखलातच राहतो.

हे ज्ञान कोकणच्या खाचरात आणण्याचे श्रेय ज्या पद्धतीला दिले पाहिजे, तिचे नाव ‘चारसूत्री भातलागवड’. अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात संशोधन केलेले डॉ. ना. कृ. सावंत यांनी ती सिद्ध केली. पहिले सूत्र भाताच्या अवशेषांचा फेरवापर: रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळावयाची आणि पहिल्या नांगरटीच्या वेळी शेतात पेंढा गाडावयाचा, जेणेकरून सिलिका व पालाश ही द्रव्ये जमिनीला परत मिळतात व राबाची गरज उरत नाही. दुसरे सूत्र गिरिपुष्पाचे: चिखलणीच्या सुमारे आठवडाभर आधी गुंठ्याला 30 किलो, म्हणजे हेक्टरी तीन टन, हिरवा पाला शेतात पसरून मातीत मिसळावयाचा. तिसरे सूत्र नियंत्रित लावणीचे: 15 व 25 सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर चुडे लावावयाचे. आणि चौथे सूत्र असे की, लावणीनंतर लगेच चार चुडांच्या प्रत्येक चौकोनात युरिया व डीएपी यांची एक दाबगोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचावयाची. गिरिपुष्पाच्या पानात नत्र व पालाश चांगले असले तरी स्फुरद फारच थोडे असते. ती उणीव गोळीतील डीएपी भरून काढते, आणि चिखलात खोल गेलेले खत पाण्याबरोबर वाहून जात नाही. चारही सूत्रे एकमेकांची पूर्तता करतात, यात या पद्धतीचे शहाणपण आहे. पाला घातला म्हणजे खताची गोणी घरात येऊच नये, असा हट्ट तिने धरलेला नाही.

आता थोडा हिशेब करू. हेक्टरी तीन टन ओल्या पाल्यातून साधारण 20 किलोच्या आसपास नत्र मिळतो. कोकणात हेक्टराची भाषा मोठ्या बागाइतदारालाच शोभते. सामान्य कुटुंबाच्या वाट्याला अनेकदा 20 गुंठ्यांची खाचरे येतात. त्यांना 600 किलो पाला लागेल. चांगल्या वाढलेल्या झाडाने वर्षाकाठी दहा किलो हिरवा पाला दिला असे धरले, तर साठ झाडे पुरतात. आणि वीस गुंठ्यांच्या खाचरांना जेवढे बांध असतात त्यांवर तीन-तीन मीटर अंतराने साठ झाडे सहज बसतात. कागदावर क्षुल्लक वाटणाऱ्या या आकड्यांत एका मोठ्या कष्टाची सुटका दडली आहे. हाच पाला डोंगरावरून आणावयाचा तर पंचवीस किलोच्या भाऱ्याने चोवीस खेपा होतात, आणि त्या खेपा बहुतांशी घरातील बायकांच्या डोक्यावरून होतात. बांधावरच्या झाडाचा पाला मात्र कोयत्याच्या घावाबरोबर ज्या शेतात पडतो, त्याच शेतात त्याला मुरावयाचे असते. जंगलात न जाता पाला मिळाला की जंगलावरचा भार हलका होतो. तोडलेल्या फांद्या वाळवून चुलीला सरपण मिळाले की तो आणखी हलका होतो. पर्यावरणाचे हित आणि शेतकऱ्याचे हित ही दोन निरनिराळी प्रकरणे मानून त्यांत तडजोड करण्याची सवय आपल्याला जडली आहे. येथे ती दोन्ही एकाच कोयत्याच्या घावाने साधतात.

भाताचे खाचर सोडून कोरडवाहू मुलखाकडे वळले तरी याचा प्रत्यय येतो. हैदराबादेजवळील पाटनचेरू येथे असलेल्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने पाणलोट क्षेत्रांत बांधांवर गिरिपुष्प लावण्याचा पुरस्कार केला. तिच्या शास्त्रज्ञांच्या हिशेबाप्रमाणे हेक्टरी 700 मीटर लांबीच्या बांधावर अर्धा मीटर अंतराने लावलेल्या झाडांच्या छाटणीतून वर्षाला सुमारे 30 किलो नत्र मिळू शकतो. म्हणजे 45 किलोच्या जवळजवळ दीड गोणी युरियाचे काम बांध करतो, आणि वर मातीला सेंद्रिय अंश देतो, जो युरियाच्या गोणीत मुळीच नसतो. दूर आफ्रिकेत, मलावीच्या दक्षिण भागातील माकोका संशोधन केंद्रात 1990 नंतरच्या दशकाच्या आरंभापासून मक्याच्या ओळींमध्ये गिरिपुष्प लावून, त्याचा पाला वर्षातून दोन-तीनदा तोडून सरींत गाडण्याचा प्रयोग दीर्घकाळ चालविण्यात आला. ज्यांना खताची गोणी परवडत नाही अशा गरीब शेतकऱ्यांच्या दृष्टीने त्याचे फलित लक्षणीय होते: बिनखताच्या निव्वळ मक्यापेक्षा तेथे उत्पन्न दुपटीहून अधिक मिळत राहिले.

लागवडीची रीत सोपी आहे, पण तिला मुहूर्त असतो. पक्क्या, तपकिरी झालेल्या फांदीचा सुमारे मीटरभर लांबीचा, अंगठ्याहून जाड तुकडा घ्यावा, खालचे टोक तिरकस कापावे आणि मृगाचा पाऊस लागल्यावर फूटभर खोल रोवावा. कोकणच्या ओलीत तो बहुधा फुटतोच. परंतु अशा छाटकलमाची मुळे वरवर पसरतात, म्हणून कमी पावसाच्या मुलखात बियांपासून पिशवीत केलेली रोपे लावणे श्रेयस्कर, कारण त्यांचे सोटमूळ खोल जाते. बी रात्रभर पाण्यात भिजवले की त्याला आणखी कसलेही संस्कार लागत नाहीत. पहिले वर्ष झाडाला हात लावू नये. दुसऱ्या वर्षापासून कमरेच्या उंचीवर छाटावे, म्हणजे नवे धुमारे हाताच्या टप्प्यात राहतात. पहिली तोड चिखलणीपूर्वी, दुसरी पावसाळा सरल्यावर. ज्याला बी हवे असेल त्याने दोन-चार झाडे वेगळी राखून ती छाटू नयेत, कारण फूल जुन्या काडीवर येते.

आता आक्षेपांकडे वळले पाहिजे, कारण शेतकऱ्याचा आक्षेप हा बहुधा अनुभवाचाच दाखला असतो. पहिला आक्षेप सावलीचा. बांधावर झाड म्हणजे पिकाला सावली, हे खरे. परंतु या झाडाची पहिली तोडच लावणीच्या आधी होत असल्यामुळे भाताच्या ऐन वाढीच्या काळात त्याचा पसारा बेताचा राहतो. तोड चुकविली तर मात्र सावली पडते आणि दोष झाडाला लागतो. दुसरा आक्षेप जनावरांचा. पाल्याला एक उग्र वास असतो, त्यामुळे मोकाट गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. नव्या लागवडीचे रक्षण व्हावे म्हणून हा गुणच आहे. चाऱ्यासाठी मात्र पाला सुकवून थोडा थोडा द्यावा लागतो, तेव्हा शेळ्या-गुरांना त्याची सवय होते. घोड्याला व कोंबड्यांना तो अपायकारक ठरतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तिसरा आक्षेप किडीचा. याच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा येतो, आणि तोच मावा चवळी-वालावरही जातो. भातानंतर वाल घेणाऱ्या रायगडातील शेतकऱ्याने त्या दिवसांत बांधावरचे कोवळे धुमारे छाटून टाकणे शहाणपणाचे. चौथा आक्षेप सर्वांत अवघड, कारण तो झाडाचा नसून माणसांचा आहे. सातबाऱ्यावर वीस-वीस नावे, बांध सामाईक, धाकटा भाऊ मुंबईत, थोरला पुण्यात, आणि बांधावर एक काठी रोवली तरी उद्या मोजणीला अर्ज येईल ही धास्ती. अशा ठिकाणी झाड लावण्यापूर्वी भाऊबंदांनी एकत्र बसून तोडीचा वाटा ठरवून घेणे, याहून दुसरा उपाय दिसत नाही. त्यातच 1990 पासून रोजगार हमी योजनेच्या आधारे फळबागांची जी चळवळ झाली, तिने वरकसावर काजू-आंबा आणला व अनेक घरांना चार पैसे दिले. पण राबाचा टहाळ जेथून येई ती जमीन त्याबरोबर आटली, आणि म्हणूनही बांधावरील पाल्याची निकड वाढली.

इतके सांगून झाल्यावर या झाडाच्या दुरुपयोगाविषयी स्पष्ट लिहिणे हे कर्तव्य ठरते. जलद वाढते, गुरे खात नाहीत, छाटले तरी फुटते आणि लाविले की हमखास जगते, हे जे गुण बांधावर शेतकऱ्याच्या उपयोगी पडतात, त्याच गुणांच्या मोहाने सरकारी खात्यांनी उघड्या टेकड्या हिरव्या करण्यासाठी गिरिपुष्पाचा सढळ हाताने वापर केला. पुण्याच्या टेकड्यांवर फिरावयास जाणाऱ्यांना त्याचे परिणाम प्रत्यक्ष दिसतात. पावसाळ्यात त्या दाट, एकसुरी छताखाली गवत धरत नाही. एप्रिलच्या उन्हात सावली हवी तेव्हा फांद्यांवर पाने नसतात. खाण्याजोगे फळ नसल्यामुळे पक्ष्यांना तेथे थारा थोडा. आणि जेथे मुळात विरळ झाडी व गवताची माळराने हेच निसर्गाचे खरे रूप होते, तेथे एका परदेशी झाडाची रांगच रांग उभी राहते. लागवडीच्या तक्त्यात जगलेल्या रोपांची टक्केवारी उत्तम दिसली म्हणून टेकडीचे रान झाले, असा निष्कर्ष काढता येत नाही. वर्षातून दोनदा कोयता घेऊन येणारा धनी टेकडीवर कोणी नसतो, आणि कोयत्याच्या शिस्तीवाचून हे झाड आपल्या मर्यादेत राहत नाही. टेकडीवर वड, उंबर, पळस, खैर, धावडा, हिवर यांसारख्या स्थानिक झाडांना व गवतांनाच अग्रहक्क असला पाहिजे. त्यांना वेळ लागतो, पण रान घडावयाला वेळ लागतोच.

तेव्हा गिरिपुष्प लावावे की न लावावे, हा प्रश्न चुकीच्या रीतीने विचारला जातो. माणसाची मेहनत आणि पिकाची गरज जेथे दरसाल झाडापर्यंत येऊन पोहोचते, त्या बांधावर, कुंपणाला, मिरीच्या वेलाखाली आणि बागेच्या कडेला ते अवश्य लावावे. जेथे ती पोहोचत नाही तेथे, विशेषतः टेकड्या, माळराने व देवरायांच्या परिसरात, लावू नये. कृषिखात्याने आणि वनखात्याने या एका नियमावर एकमत केले, तरी एकोणिसाव्या शतकात पाल्यावरून सुरू झालेल्या जुन्या तंट्याचा एक पदर मिटेल. ग्रामपंचायतींनी बी राखण्यासाठी गावात पाच-दहा झाडे वेगळी ठेवावीत, आणि चारसूत्री पद्धतीच्या खताच्या गोळ्या गावातच मिळतील अशी तजवीज करावी. दिवाळीच्या सुटीत गावी जाणाऱ्या मुंबई-पुण्याच्या वाचकांना मात्र एकच विनंती: भाऊबंदांशी बसून बांधाचा वाटा आताच ठरवा, कार्तिक-मार्गशीर्षात कलमांसाठी योग्य झाडे हेरून ठेवा, आणि येत्या मृगात आपल्या खाचराच्या बांधावर निदान साठ काठ्या रोवा.